माद्यांच्या टाकीवरचा पहारा

स्नेहल नोकरीसाठी पुण्याला गेली आणि जाताना चार गप्पी मासे आईच्या गळ्यात बांधून गेली. दोन नर, दोन माद्या. नर बोटाच्या पेराएवढे, रंगीत शेपटीचे; माद्या थोराड आणि मातकट. रोज चिमूटभर खाणं टाकायचं, बाकी काही काम नाही, असं तिनं सांगितलं होतं.

तिची आई त्रिशलाकाकू मगदूम. शाहूपुरीत राहतात, बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. घर जैनांचं: कांदा-बटाटा येत नाही, सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात आणि झाडताना मुंगी दिसली तर केरसुणी थांबते. अशा घरात तिसऱ्या आठवड्यात एक मादी व्याली. मासे अंडी घालतात एवढंच काकूंना ठाऊक होतं. इथं मादीच्या पोटाखालून वेटोळं होऊन एकेक पिल्लू बाहेर पडत होतं, क्षणभर तळाशी जात होतं आणि सरळ होऊन पोहायला लागत होतं. काकूंनी नवऱ्याला, जयपालकाकांना, हाक मारून दाखवलं. सव्वीस पिल्लं भरली.

दुपारी अकराच उरली होती. आणि बारावं खुद्द आईच्याच तोंडात जाताना काकूंनी डोळ्यांनी पाहिलं.

त्यांनी लगेच स्नेहलला फोन लावला. गप्पी असंच करतात, त्यात काही विशेष नाही, असं ती म्हणाली.

"दुसऱ्यांच्या घरात करू देत," काकू म्हणाल्या. "माझ्या घरात न्हाय चालायचं."

चहाच्या गाळणीनं त्यांनी उरलेली पिल्लं उचलली आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत हलवली. पुढच्या प्रत्येक बाळंतपणाला त्या खुर्ची टाकून बसू लागल्या. एकही पिल्लू गेलं नाही, आणि तिथंच घोटाळा झाला. दिवाळीपर्यंत दीडशे मासे झाले. बरण्या संपल्या, टब भरले, काकांची अंघोळीची बादलीसुद्धा गेली. स्वप्नाली नावाची आरोग्यसेविका गल्लीतल्या टाक्यांत सोडायला पन्नास मासे मागायला आली. ते डासांच्या अळ्या खातील हे तिनं अभिमानानं सांगितलं, आणि काकूंनी तिला चहा पाजून रिकाम्या हातानं परत पाठवलं.

शेवटी काकूंनी गणितानं प्रश्न सोडवला. नर एका टाकीत, माद्या दुसरीत. बाप नाही तर पोर नाही.

महिन्यानं माद्यांच्या टाकीत तीस पिल्लं निघाली.

काकूंनी एकेक मासा तपासला. नर सापडला नाही. मग तो कुणीतरी सोडून परत काढला असणार, आणि घरात माणसं दोनच. शिवाय नरांना वेगळं काढलं तेव्हा काका म्हणाले होते, माद्या बिचाऱ्या एकट्या पडल्या. काकूंनी टाकीवर जाळी ठेवली आणि दोऱ्याची गाठ मारली. पुढच्या महिन्यात गाठ जागेवर आणि पिल्लं पाण्यात.

"गाठ सोडून परत मारलीसा न्हवं?" त्यांनी विचारलं.

काकांनी शपथ घेतली, पण काकूंनी ती मानली नाही. टाक्या होत्या त्या बाहेरच्या सोप्यात काकांनी बसणंच सोडलं, पेपरसुद्धा स्वयंपाकघरात वाचू लागले. तिसऱ्यांदा पिल्लं झाली तेव्हा मात्र ते उठले, स्कूटर काढली आणि माशांचा दुकानदार राजवर्धन याला मागं बसवून घरी घेऊन आले.

राजवर्धननं टाकी पाहिली, सगळं ऐकून घेतलं आणि हसू दाबत म्हणाला, "काकू, मादीला नर एकदा भेटला की चार-सहा महिन्यांची सोय हुतीया. ती नराचं बीज आत साठवून ठेवती. काकांचा ह्यात काय बी संबंध न्हाय."

काकूंनी ते त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग जाळीची गाठ सोडली. ऐंशी मासे राजवर्धननं पिशव्यांत भरून नेले. मोठ्या माशांना खायला घालणाऱ्या गिऱ्हाईकाला एकही देणार नाही, असा शब्द काकूंनी त्याच्याकडून घेतला.

तो गेल्यावर काकू म्हणाल्या, "चुकलं माझं."

चाळीस वर्षांच्या संसारात काकांनी हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. "काय म्हणालीस? नीट ऐकू आलं न्हाय," ते म्हणाले.

"एकदा सांगिटलंय," काकू म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

काका सोप्यात आपल्या जुन्या खुर्चीत बसले. त्या माद्या आणखी एकदाच व्याल्या. त्या दिवशी टाकीपुढं दोन खुर्च्या होत्या.