नस सापडेना

जानेवारीचा दुसरा आठवडा लागला आणि शामला गजभियेची बोटं पांढरी पडायला लागली. लाल नाही, निळी नाही, मेणबत्तीसारखी पांढरी. पहाटे कामठीहून मोटारसायकल काढायची, कॅन्टोन्मेंटच्या झाडांखालचा गारठा अंगावर घेत निघायचं, आणि ऑटोमोटिव्ह चौक येईस्तोवर दोन्ही हातांची बोटं तिची राहायचीच नाहीत. क्लच दाबला गेला की नाही, हे तिला गाडीच्या आवाजावरून कळायचं.

थंडी काय, सगळ्यांनाच वाजते. पण शामलाचं पोट बोटांवर होतं. ती नागपुरातल्या एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्त घ्यायची. लोक रात्रीपासून उपाशी, सकाळी सहापासून चहाविना वाट बघत बसलेले. एक घर जरीपटक्याला, दुसरं धंतोलीत, तिसरं पार प्रतापनगरात. आठ वाजायच्या आत अशी चार-पाच घरं उरकायची म्हटल्यावर बस किंवा मेट्रोचा काही उपयोग नव्हता. गाडीच हवी. आणि घरात पोचल्यावर डाव्या हाताच्या पहिल्या बोटानं दंडाखालची नस चाचपायची. नस दिसते थोडीच? ती बोटाला लागते. कातडीखाली दोरीसारखी जराशी उसळते, तेवढंच. ते बोटच मेलं तर सुई आंधळी.

गाडी तिच्या नवऱ्याची, लहानूची. लहानू वीस वर्षं कामठीत पॉवरलूमवर होता. सुताचा भुगा छातीत बसला आणि आता तीन पायऱ्या चढला तरी तो भिंत धरून उभा राहायचा. छत्तिसाव्या वर्षी शामलानं लॅबचा कोर्स केला, पोरीच्या वयाच्या मुलींशेजारी बाकावर बसून. गाडीही तेव्हाच शिकली, कन्हानकडच्या मोकळ्या मैदानावर. लहानू मागे बसून धापा टाकत सांगायचा, "क्लच हळूच सोड वं. गाडी हाय ते, बैल नाही." पाच वर्षं झाली त्याला. लॅबमध्ये तिच्या हाताचं नाव होतं. लहान मुलाचं रक्त असो की अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचं, शामलाताईला पाठवा, असं ठरलेलं.

या हिवाळ्यात ते नाव गेलं. जरीपटक्यात एका बाईला तिनं तीनदा टोचलं. चौथ्यांदा रक्त आलं, पण हातावर लिंबाएवढं निळं टेंगूळ. बाईच्या मुलानं फोटो काढून लॅबला पाठवला. चार दिवसांनी धंतोलीत तेच झालं.

कोण कुठल्या घरी जाणार हे ठरवणारा अंकुश तिला बाजूला घेऊन बोलला. पोरगा वाईट नव्हता. "ताई, दोन तक्रारी झाल्या. तिसरी आली तर मला वरून सांगतील, नाव काढा म्हणून."

"अंकुशभाऊ, थंडीनं हात चालून नाही राहिले जी. दुपारची घरं द्या ना मले."

"दुपारी कोण उपाशी बसते ताई? बाकीची पोरंपण गाडीवरच येतात."

डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, काही जणांच्या बोटांतल्या नसा थंडीत आवळून जातात, रक्तच पुढे जात नाही. थंडी टाळा. शामला मान हलवून बाहेर आली आणि पार्किंगमध्ये गाडीवर बसून एकटीच हसली. हसता हसता तिला रडू आलं.

मग सुरू झाली नुसती धडपड. स्वेटरखाली छातीवर वर्तमानपत्र, वरून रेनकोट, कारण वारा अडतो तो रेनकोटनंच. कानटोपी, त्यावर स्कार्फ, त्यावर हेल्मेट. हातात लोकरी मोजे, त्यावर दुधाच्या पिशव्या रबरबँड लावून. सलाइनच्या रिकाम्या बाटलीत उकळतं पाणी भरून ती पोटाशी धरायची. खैरी येईस्तोवर पाणी कोमट व्हायचं आणि पुढे ते थंड ओझंच. लहानूनं जुनं ब्लँकेट फाडून हँडलला दोन बाह्या शिवल्या. तीन रात्री सुई-दोरा घेऊन बसला होता, खोकत. पहिल्याच दिवशी पॉवर हाऊसकडे निघालेला कोळशाचा ट्रक धुक्यातून आडवा आला, आणि बाहीच्या आत तिचा हात ब्रेक शोधत राहिला. गाडी ट्रकच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. घरी येऊन तिनं बाह्या काढल्या.

"काहून काढल्या वं?" लहानूनं विचारलं.

"गरम होते त्यात," ती म्हणाली.

एकोणीस तारखेला धुकं इतकं होतं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसत होता. त्या दिवशीचं पहिलंच घर लक्ष्मीनगरातलं, लतिकाबाईंचं. बाई साठीच्या पुढच्या, कॅन्सरवर किमो चालू. किमोआधी दर वेळी रक्त तपासायचं आणि दहाच्या आत रिपोर्ट हॉस्पिटलात पोचला नाही, तर त्या दिवशीची किमो हुकणार. ऑपरेशन उजव्या बाजूचं, म्हणून बाईंच्या त्या हाताला टोचायला मनाई होती. डाव्या हाताच्या नसा औषधानं जळून गेलेल्या. धड अशी एकच नस उरलेली, कोपरापाशी. ती फुटली तर संपलं.

शामला हे सगळं जाणून होती. म्हणूनच ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे तिनं गाडी कडेला घेतली. इंजिन चालू ठेवलं, मोजे काढले आणि उकिडवी बसून डावा हात इंजिनजवळ धरला. रोजच धरायची, बोटभर अंतर ठेवून. त्या दिवशी काहीच लागेना. ऊब नाही, काही नाही. तिनं हात आणखी जवळ नेला. मग आणखी. घड्याळात पावणेसहा. बाजूनं एक बस धुरळा उडवत गेली.

आधी वास आला. केस जळल्यासारखा. तिनं हात झटकन ओढला, तेव्हा पहिल्या दोन बोटांची टोकं इंजिनला चिकटून सुटल्यासारखी वाटली. दुखलं मात्र नाही. तेच भयंकर होतं. तिनं फोनच्या उजेडात बोटं पाहिली, मोजा तसाच वर चढवला आणि गाडी पुढे काढली. दुसरं करणार काय?

दार लतिकाबाईंच्या नवऱ्यानं उघडलं. केशवराव, कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले. हातात हॉस्पिटलची फाइल तयार. "सहा पाच झाले," ते म्हणाले.

घरातल्या उबेत शिरल्यावर बोटांत जीव यायला लागला आणि त्याबरोबर आग. शामलानं दात आवळून मोजा काढला, बाईंच्या दंडाला रबरी पट्टा बांधला. डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर जांभळाएवढा फोड. दुसऱ्यावरची कातडी पांढरी होऊन सुटलेली. केशवरावांनी ते पाहिलं.

"हे काय?"

शामला खोटं बोलू शकली असती. पण समोर ती एकच नस होती. तिनं पट्टा सोडला. "साहेब, थंडीनं बोट बधिर होतं, इंजिनवर भाजलं. मले नस लागून नाही राहिली. अंदाजानं टोचलं अन् ही फुटली, तर बाईंले उरत नाही काही."

"अहो, मग आता? दहा वाजता..."

तिनं अंकुशला फोन लावला. दुसरं कुणी जवळ आहे का? नव्हतं. सगळ्यात जवळचा पोरगा कोराडीकडे, यायला सव्वा तास, म्हणजे रिपोर्ट दहाच्या पुढे. "घेऊन टाका ताई कसंबसं," अंकुश म्हणाला. शामलानं फोन ठेवला. तिच्या उजव्या हाताचीही बोटं अजून लाकडाचीच. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि तिला वाटलं, इथून उठावं, गाडीला किक मारावी आणि कामठीच्याही पुढे, कुठंही निघून जावं. केशवराव खोलीभर येरझाऱ्या घालत होते.

लतिकाबाई इतका वेळ तिची बोटं बघत होत्या. डोक्याला रुमाल बांधलेला, भुवयाही गळालेल्या. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही पाणी गरम करा. घमेलं भरून." पाणी आलं तसं त्यांनी स्वतःचा डावा हात त्यात बुडवला. "तुमचा तो उजवा हात घाला इकडे. माझेही हात गारच आहेत." दोघींचे हात एका घमेल्यात. दहा मिनिटं तसेच. शामलाला आधी मुंग्या आल्या, मग हाडापर्यंत कळ.

"आता ऐका," बाई म्हणाल्या. "ही नस मी रोज चाचपून बघते. अजून आहे ना, म्हणून. तुमच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे ती." त्यांनी डावा हात रुमालानं पुसला, उजव्या हाताचं बोट कोपराच्या आतल्या बाजूला ठेवलं, दाबलं, जरा सरकवलं. "हं. इथून अशी तिरकी जाते. वरवर आहे, खोल जाऊ नका."

शामलानं पट्टा पुन्हा बांधला, स्पिरिटनं जागा पुसली, त्यांचं बोटसुद्धा. बोटाच्या नखाशेजारी सुई टेकवली.

"अजून जरा आत," बाई डोळे मिटून म्हणाल्या. "हळू... तिथेच."

नळीत रक्त चढलं. काळसर, सावकाश, पण चढलं. जांभळ्या बुचाची ट्यूब भरेपर्यंत शामलानं श्वास घेतला नाही. केशवराव भिंतीकडे तोंड करून उभे होते. ती निघताना त्यांनी तिच्या बोटांना मलम लावून दिलं, वर पट्टी गुंडाळली, कचेरीतल्या फाइलला दोरी बांधावी तशी नीटनेटकी. "अशा थंडीत माणसाला असं पाठवतात म्हणजे काय," ते पुटपुटत होते.

रिपोर्ट साडेनऊला गेला. किमो झाली.

आणि दुपारी केशवरावांनी लॅबला फोन केला. मनात काही वाईट नव्हतं. तुमच्या बाईंचे हात भाजलेत, बोटं बधिर होतात, त्यांना नस लागत नव्हती, त्यांची काहीतरी सोय करा, असं ते तळमळीनं बोलले. निवृत्त माणूस, सगळं सविस्तर, वेळेसकट सांगितलं. पलीकडे कुणीतरी ते लिहून घेतलं.

संध्याकाळी अंकुशचा फोन आला. "ताई, वर तिसरी तक्रार धरली. नाव काढलं तुमचं."

"तक्रार नव्हती ते, अंकुशभाऊ. ते तर माझ्यासाठी बोलले."

"मला समजतं ताई. वर नाही समजत."

लहानूला तिनं जेवताना सांगितलं. त्यानं घास खाली ठेवला. "मी जाऊ काय लॅबमंदी? समजावून सांगतो त्याइले."

"तुम्ही जिना चढान काय तिथला?" ती म्हणाली, आणि बोलल्याबरोबर तिला स्वतःचीच चीड आली. लहानूनं तिच्या ताटातली भाकरी कुस्करून दिली, कारण तिला पट्टीच्या हातानं ती तुटत नव्हती.

पुढचे सहा दिवस ती भर उन्हात नागपूर फिरली. धंतोली, रामदासपेठ, सीताबर्डी. जिथं तिथं एकच प्रश्न, मागच्या लॅबमधून काहून निघाल्या? सातव्या दिवशी बर्डीच्या एका गल्लीत, चष्म्याच्या दुकानावरच्या माळ्यावर एक नवी लॅब दिसली. तिथल्या बाईनं, भैरवी मॅडमनं, कारण विचारलं नाही. स्वतःची बाही वर केली. "घेऊन दाखवा."

दुपारचे दोन वाजले होते, खिडकीतून ऊन येत होतं. शामलानं पट्टी सोडली. पहिल्या बोटावर नवी गुलाबी कातडी आली होती, पण तिला काही कळत नव्हतं, जणू दुसऱ्याचंच बोट. तिनं मधलं टेकवलं, त्यातही अर्धीच जाण. मग अनामिका, जिनं आयुष्यात कधी नस शोधली नव्हती. ती हळूहळू सरकवली, थांबवली, पुन्हा मागे आणली. कपाळावर घाम आला. कातडीखाली काहीतरी जरासं उसळलं.

एकाच टोचण्यात रक्त आलं.

"हात चांगला आहे तुमचा," भैरवी मॅडम कापसानं टोचलेली जागा दाबत म्हणाल्या. "उद्यापासून या. सहाला पहिलं घर वाडीत, मग हिंगणा रोड. गाडी आहे ना?"

वाडी म्हणजे कामठीहून शहराचं पार दुसरं टोक. पाचलाही निघून भागणार नव्हतं. अजून थंडीचे निदान तीन आठवडे बाकी होते, आणि कालच वेधशाळेनं पारा आणखी उतरेल असं सांगितलं होतं.

"आहे जी," शामला म्हणाली.