समोर बसून शिकलेली

गावाला पाणी पुरवणारी टाकी टेकडीच्या माथ्यावर होती आणि टाकीला टेकून दोन खोल्यांचं घर होतं. त्या घरातल्या बाईला गावात कुणी नावानं हाक मारत नसे. ती 'टाकीवरची'. दुकानात शिरली की दुकानदार मोठ्यानं म्हणायचा, "आल्या टाकीवरच्या! ज्यांच्या नळाला पाणी नाही त्यांनी आत्ताच भांडून घ्या." सगळे हसायचे, तीही हसायची. मग पिशवी उचलून पुन्हा टेकडी चढायची. वर पोचेपर्यंत ते हसू ओठांवरून निघून गेलेलं असे.

तिचा नवरा पंप चालवायचा. पंपाची खोली आणि स्वयंपाकाची खोली यांत एकच भिंत. मोटर सुरू झाली की मांडणीवरच्या वाट्या एकमेकींना खेटून किणकिणायच्या. इतकी वर्षं त्या आवाजात बसून त्याचे कान जड झाले होते. घरात तो बोलायचा तेही हाळी घातल्यासारखं. तिला मात्र हळू बोलायची सवय. त्यामुळे नवराबायकोत बोलणं फार होत नसे. ती काहीतरी सांगायची, तो "काय?" म्हणायचा, ती "काही नाही" म्हणायची आणि विषय तिथंच मिटायचा. माणूस वाईट नव्हता. जेवताना तिच्या ताटात भाजी आहे की नाही ते पाहिल्याशिवाय घास घेत नसे.

मुलं तीन. थोरला, मधली आणि धाकटी. शाळा टेकडीखाली, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. लहान पायांना ती उतरण झेपायची नाही, म्हणून मुलं जरा दांडगी होईपर्यंत तिनं त्यांना घरीच शिकवलं. तिची स्वतःची शाळा अर्ध्यात सुटली होती. आई अंथरुणाला खिळली आणि पाठच्या भावंडांचं करायला घरात दुसरं कुणी नव्हतं. पण जेवढं शिकली होती तेवढं तिनं घासूनपुसून लख्ख ठेवलं होतं. पावाची कणीक तिंबताना ती मुलांना निम्मं आणि पाव शिकवायची. नाताळची चांदणी कापताना कोन शिकवायची. वर्षभराचा अभ्यास जणू नाताळपाशी येऊन थांबायचा. रंगीत कागद, मेणबत्त्या, मातीची गव्हाण, सगळ्यांत काही ना काही हिशेब, काही ना काही वाचन. आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरात जो सगळ्यांत लहान वाचणारा असेल त्यानं जन्माची गोष्ट वाचायची, हा तिनंच घालून दिलेला नेम होता.

अभ्यासाचं टेबल नवऱ्यानं मोटरच्या खोक्याच्या फळ्या ठोकून केलेलं. भिंतीकडच्या बाकावर ती मधोमध बसायची, एका बाजूला थोरला, दुसऱ्या बाजूला मधली. पुस्तक एकच. धाकटीला बाकावर जागा उरत नसे. ती पलीकडे पालथ्या बादलीवर उभी राहायची आणि टेबलावर हनुवटी टेकून बघत बसायची. एकदा मधली एका शब्दाशी अडली. ती तोंडातल्या तोंडात चाचपडत असताना पलीकडून बारीक आवाज आला आणि तो शब्द टेबलावर येऊन पडला.

"हे तुला कुणी शिकवलं गं?" थोरला म्हणाला.

"कुणी नाही. तिथं लिहिलंय की!"

घरानं तोंडात बोटं घातली. टाकीवरचीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खाली गावात गेली की मीठ घेता घेता, तेल घेता घेता सांगायची, "आमची धाकटी न शिकवता शिकली हो."

पुढे थोरला आणि मधली मोठ्या शाळेसाठी शहरात आत्याकडे राहायला गेली. बाक रिकामा झाला, पण धाकटीची जागा काही बदलली नाही. आई भिंतीकडे, हातात उसवलेलं काहीतरी, आणि पुस्तक आईकडे तोंड करून, कारण चूक झाली तर आईला दिसायला हवी. समोर धाकटी, घडाघडा वाचणारी. लिहायच्या वेळी मात्र आई तिच्या मागे उभी राहायची आणि तिचा हात धरून अक्षर गिरवून घ्यायची. लिहून झालं की धाकटी पाटी गर्रकन फिरवायची आणि मग वाचायची. आईला वाटे, मला दाखवतेय पोर. ती म्हणायची, "छान हं, छान."

या वर्षी धाकटी शाळेत जाऊ लागली.

पहिल्या दिवशी तिला फाटकापाशी सोडून टाकीवरची घरी आली आणि काय करावं ते तिला सुचेना. भांडी घासून झाली. घासलेली भांडी पुन्हा घासली. मोटर बंद झाली तेव्हा घरात अशी शांतता पसरली की तिनं उगीचच पातेल्यावर झाकण आपटलं. घर खायला उठतं म्हणतात ते तिला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी ती उतरणीच्या तोंडाशी उभी राहिली. खालून धाकटी येताना दिसली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

"काय शिकवलं बाईंनी?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशीही काही नाही. पुढच्या आठवड्यातही. टेबलावर पुस्तक ठेवलं की धाकटीचं पोट दुखायचं, नाहीतर तहान लागायची. आणि एक दिवस दप्तर कोपऱ्यात टाकून ती म्हणाली, "बाईंनी तुला बोलावलंय."

टाकीवरची ठेवणीतली साडी नेसून शाळेत गेली. बाई तरुण होत्या, हातांना खडूची भुकटी. त्यांनी तिला लहान मुलांच्याच बाकावर बसवलं. तिचे गुडघे फळीला लागले.

"धाकटीची आई ना तुम्ही? एक विचारू? राग नाही ना यायचा?"

"विचारा की."

"ती पुस्तक उलटं धरते. पहिल्यांदा वाटलं, खोड्या काढतेय. मी दोनदा रागावले. सुलटं करून दिलं की गप्प बसते, एक अक्षर बोलत नाही. उलटं धरलं की वर्गात तिच्याइतकं कुणी वाचत नाही." बाईंनी हातांवरची भुकटी झटकली. "मुलं तिला वटवाघूळ म्हणतात. मी दटावते, पण माझी पाठ वळली की पुन्हा सुरू."

टाकीवरचीच्या डोळ्यांसमोर ते टेबल उभं राहिलं. भिंतीकडची आपण, पलीकडची ती, आणि मधे आपल्याकडे तोंड करून ठेवलेलं पुस्तक. एवढी वर्षं ती त्या पोरीच्या समोर बसली होती आणि वाचताना तिला काय दिसतंय हे एकदाही टेबलाला वळसा घालून पाहिलं नव्हतं.

"ती समोर बसायची," ती कशीबशी म्हणाली. "माझंच चुकलं."

"अहो, चुकलं कसलं? पोरगी हुशार आहे. चार महिन्यांत सुलटं वाचेल. फक्त एक करा." बाईंचा आवाज मऊ होता, म्हणून ते जास्तच लागलं. "काही दिवस तुम्ही घरी शिकवू नका. अडली तरी शब्द सांगू नका. तिला तुमच्याकडे बघून वाचायची सवय लागलीय. ती तुटली पाहिजे."

"बरं," ती म्हणाली.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. या वेळी "काही नाही" म्हणून सोडलं नाही, त्याच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. तो हातातला पाना फडक्यानं पुसत राहिला आणि मग ओरडला, "मग त्यात काय एवढं! आपलं पाणी खालून वर चढतं, म्हणून ते पाणी नव्हे होय?" स्वतःच्याच विनोदावर तो हसला. ती हसली नाही. तेव्हा त्याला वाटलं, हिला ऐकू गेलं नाही, आणि त्यानं तेच पुन्हा जास्त मोठ्यानं सांगितलं.

त्या दिवसापासून टाकीवरचीनं कानाला खडा लावला. धाकटी शाळेतून आली की ती तिला खायला द्यायची, केस विंचरायची, पण पुस्तकाचं नाव काढायची नाही. धाकटी आतल्या खोलीत दार लोटून बसायची. फटीतून मधूनच एखादं अक्षर ऐकू यायचं, मग बराच वेळ काही नाही. दाराच्या अलीकडे टाकीवरची हातातलं काम थांबवून उभी असे. कधी कधी तर अडलेला शब्द कुठला असेल तेही तिला उमगायचं. तो जिभेवर यायचा आणि ती तो गिळून टाकायची.

डिसेंबर लागला. मागच्या वर्षापर्यंत ही तयारी सगळ्यांची असे. आता तिनं एकटीनं भिंती झाडल्या, पडदे धुतले, गव्हाणीसाठी माती भिजवली. गाय नीट जमली, पण मेंढीचे पाय वाळताना मोडले, तेव्हा तिनं मेंढी बसकी केली. चांदणीचा कागद घडी घालून कापताना ती सवयीनं म्हणाली, "बघ, आता किती कोन झाले?" खोलीत कुणी नव्हतं. धाकटी शाळेत होती. शाळेतही चांदण्या करत होते. धाकटीनं एक आणलीही, पुठ्ठ्याची, चकचकीत, सगळ्या वर्गाच्या एकाच साच्यातून कापलेली. टाकीवरचीनं ती दारावर लावली आणि आपली कागदाची खिडकीत.

"आई," एकदा पीठ चाळताना धाकटी म्हणाली, "या वर्षी गोष्ट दादा वाचेल ना?"

टाकीवरचीचा हात चाळणीवर थांबला. "लहान कोण आहे घरात?"

"मी नाही वाचणार. दादा हसेल. ताई तर आत्याच्या सगळ्या गल्लीला सांगेल."

'वाच गं, मी आहे ना समोर,' असं म्हणायला तिचं तोंड उघडलं होतं. पण समोर असणं हाच तर सगळा घोळ होता. "तुझी मर्जी," ती म्हणाली आणि पीठ चाळत राहिली. त्या रात्री तिला झोप लागली नाही. धाकटीनं या नाताळला गोष्ट वाचली नाही तर ती पुन्हा कधीच आपल्या देखत वाचणार नाही, असं तिच्या मनानं घेतलं. पोरीचं वाचणं आपणच दिलं आणि आपणच मोडलं, हे आता तिला जन्मभर उरात घेऊन वावरावं लागणार होतं.

नाताळच्या आदल्या दुपारी थोरला आणि मधली आली. थोरल्याला मिसरूड फुटलं होतं. मधली दर वाक्याला "आत्याकडे ना" म्हणायची. आत्याकडे ना, गरम पाणी नळातून येतं. आत्याकडे ना, केक दुकानातून आणतात.

"मग दुकानातच राहायचं," थोरला म्हणाला. "आई, ही तिथं पण अशीच करते. 'आमच्याकडे ना, टाकीवर ना.' आत्या वैतागते."

मधलीनं त्याला उशी फेकून मारली. घर पुन्हा गजबजलं. टाकीवरची मात्र पुन्हा पुन्हा धाकटीकडे बघत होती.

दिवेलागणीला नवऱ्यानं मोटर बंद केली, हातपाय धुतले, स्वच्छ सदरा घातला. मेणबत्ती लागली. थोरल्यानं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "काय गं धाकटे, तुझी पाळी ना?"

टाकीवरची आपल्या नेहमीच्या बाकावर, भिंतीकडे बसली होती. धाकटी टेबलाच्या पलीकडे उभी होती. तिनं पुस्तकाकडे पाहिलं. मग ती टेबलाला वळसा घालून आली. क्षणभर आईला वाटलं, ती आपल्या कुशीत शिरतेय, आणि तिनं जागाही केली. पण धाकटी तिच्यापर्यंत आली नाही. टेबलाच्या आखूड बाजूला बाबा बसले होते, त्यांच्या शेजारी ती टेकली. पुस्तक आपल्याकडे ओढलं, सुलटं केलं, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

ती वाचू लागली. घडाघडा नव्हे. एकेक अक्षर धरून, दगडावरून दगडावर पाय टाकत ओढा ओलांडावा तसं. मधली गालात हसणार होती, थोरल्यानं तिला कोपरानं ढोसलं. बाबा कानामागे हात धरून वाकले होते. अर्ध्या पानावर धाकटी अडली. बोट एकाच जागी थांबलं. ओठ हलले, आवाज आला नाही.

तो शब्द कुठला, हे टाकीवरचीला ठाऊक होतं. सगळी गोष्ट तिला पाठ होती. शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसला. तिनं पदराचं टोक दातांत धरलं आणि वाट पाहिली, धाकटी वर बघेल, नेहमीसारखी आपल्या तोंडाकडे बघेल. मेणबत्तीची ज्योत हलली.

धाकटीनं वर पाहिलंच नाही. पुस्तकावर आणखी वाकली, अक्षरं पुन्हा सुरुवातीपासून लावली आणि शब्द वाचला. मग पुढचा. मग ओळ संपवली आणि पानही उलटलं.

गोष्ट संपली तेव्हा बाबा इतक्या मोठ्यानं "वा!" म्हणाले की मधलीनं कान झाकले. थोरल्यानं धाकटीला उचलून गरागरा फिरवलं. "बघा, धाकटी टाकीच्याही वर पोचली!" तो म्हणाला. सगळे हसले. टाकीवरचीही हसली, अगदी मनापासून. पोर सुटली होती. उरावरचा धोंडा उतरला होता आणि त्या जागी आता काहीच नव्हतं. ती हळूच उठून बाहेर आली.

ओट्यावर गार होतं. खाली गावात दिवे लागले होते. ज्यानं त्यानं आपापल्या घरातलं पाणी भरून ठेवलं असेल. टाकीच्या भिंतीला पाठ टेकून ती उभी राहिली. आत पाणी अगदी शांत होतं.

"आई!" आतून धाकटीची हाक आली. "केक कापायचाय. सुरी कुठंय?"

"खालच्या फळीवर, पाटाच्या मागे," ती म्हणाली.

"सापडली!"

ती आणखी थोडा वेळ बाहेरच थांबली.