भिंतीपुढचं गाऱ्हाणं

बाकीच्या महाराष्ट्रात गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्या मालवणकडे गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्याने केलेली मागणी. एक मानकरी बोलतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेले सगळे पुरुष एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. हे आम्ही चालायला लागल्यापासून ऐकतो, त्यामुळे होकार देताना वाक्य पूर्ण ऐकायची कोणाला गरज वाटत नाही. नंतर मी बऱ्याच सभा, ठराव आणि निवडणुका पाहिल्या, पण इतकी बिनचूक चालणारी पद्धत दुसरी दिसली नाही.

नवं राज्य होऊन एक-दोन वर्षं झाली होती. जिल्हा तेव्हा रत्नागिरीच, आणि रत्नागिरीला आमची आठवण शेतसाऱ्याच्या वेळी येई. आमच्या बाजारात एस.टी.चा थांबा झाला. थांब्याचं उद्घाटन करायला कोणी मंत्री येणार अशी बातमी आली आणि गावाला एकदम लक्षात आलं की थांब्यासमोर खोबऱ्याच्या गोदामाची लांबलचक, काळी पडलेली भिंत आहे. मंत्री गाडीतून उतरणार आणि पहिली नजर तिच्यावर पडणार.

भातगिरणीचे मालक नुकतेच मुंबईला जाऊन आले होते. तिथे कुठल्या तरी कचेरीत त्यांनी भिंतभर काढलेलं चित्र पाहिलं आणि येताना ‘भित्तिचित्र’ हा शब्द घेऊन आले. गावाने तो महिनाभर पुरवून वापरला. समिती झाली. गिरणीमालक अध्यक्ष झाले, कारण ते देवस्थानचे मानकरी होते आणि ते खुर्चीवर असताना दुसऱ्या कोणाला अध्यक्ष म्हणणं शक्य नव्हतं. सोड्याच्या कारखान्याचे मालक खजिनदार झाले. गोदामाचे मालक, खोबऱ्याचे जुने मुसलमान व्यापारी, सभासद झाले, कारण भिंत त्यांची होती. मी शाळेत मास्तर होतो आणि संध्याकाळी वाचनालय उघडत असे, म्हणून चिटणीस झालो. ज्याच्याकडे शाईचं पेन असेल त्याला चिटणीस करायचं, हा आमच्याकडचा नियम.

गोदामवाल्यांची अट एकच होती. भिंत घ्या, पण मधली खिडकी बुजवू नका, खोबऱ्याला वारा लागतो. समितीत सगळ्यात समंजस बोलणं हेच झालं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

चित्र काढणार कोण, हा प्रश्न नव्हताच. आमच्या गावात चिताऱ्याचं घर होतं. त्याचे वाडवडील देवळाच्या भिंती रंगवत, गणपती करत. तो स्वतः दहा-बारा वर्षं मुंबईत सिनेमाचे मोठे फलक रंगवत होता. परळला एका खोलीत गाववाल्या सात-आठ जणांत झोपायचा. शेवटी बायकोने आग्रह धरून त्याला परत आणलं होतं. पण मूर्ती घडवायची गणपतीची शाळा चालते पावसाळ्याचे तीन महिने. मूर्ती घरोघर गेल्या की उरलेलं वर्ष हात मोकळे. अध्यक्षांनी त्याला गिरणीवर बोलावून माझ्यासमोर सांगितलं होतं की ही भिंत नीट झाली तर कट्टा गावापासून मसुऱ्यापर्यंतचे दुकानदार पाट्यांसाठी आणि भिंतींसाठी तुझ्याकडेच येतील, मी स्वतः सांगेन. नवरा-बायकोने या शब्दावर परळच्या खोलीतली त्याची राखून ठेवलेली जागा सोडली होती. भिंत झाली तर गावात राहायचं, नाही तर शिमग्यानंतर पुन्हा मुंबई, तेही दोघांनी. तिथे तिला सुताच्या गिरणीत काम बघायचं. हे ती मला सरळ सांगून गेली होती आणि तिच्या बोलण्यात कुठे विनवणी नव्हती.

त्याने खाकी कागद चिकटवून मोठा आराखडा केला. अशा समारंभी चित्रांबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं. मासिकांतली पाहून पाहून कंटाळलो होतो. पण हे वेगळं होतं. मुंबईची बोट बाहेर उभी आहे, बोटीपर्यंत नेणारे पडाव भरून माणसं चालली आहेत, ट्रंका, फणस, आंब्याच्या पेट्या. आणि अर्ध्याहून जास्त कागदावर धक्क्यावर उभ्या राहिलेल्या बायका. कोणाच्या डोक्यावर मासळीची पाटी, कोणाच्या कडेवर पोर. एकही रडत नव्हती. बोट गेल्यावर घरी जाऊन काय काय करायचं आहे त्याचा हिशेब करणारी ती तोंडं होती. मधली खिडकी त्याने बोटीच्या तिकिटांची खिडकी करून टाकली होती. गोदामवाले ते पाहून पहिल्यांदा हसले.

यासाठी त्याने खऱ्याच बायकांना धक्क्यावर उभं करून कागदावर उतरवलं होतं. त्यामुळे आपण भिंतीवर येणार ही बातमी वाडीवाडीत झाली होती. मिठबावहून मासळी घेऊन येणारी एक म्हातारी तर मला विचारून गेली, “मास्तरानू, माझी पाटी भरलेली काडतलो मां? रिकामी नको हां. लोक म्हणतीत, हिची मासळी कोण घेणा नाय.”

मग व्यापारी आले. सोडावाल्यांना आपली गोटीची बाटली हवी होती. त्याने पडावातल्या पोराच्या हातात ती दिली. कौलांच्या एजंटाला कौलं दिसायला हवी होती. त्याने मागे लाल छपरं काढली. छत्रीवाल्याने पाऊस मागितला. त्याने उन्हातच एका म्हातारीच्या डोक्यावर छत्री धरली आणि ती चांगली दिसली. प्रत्येकाला नमस्कार करून तो बदल करत गेला. मला वाटलं, मुंबईने याला चांगलं शिकवलंय.

अध्यक्षांना मात्र किल्ला हवा होता, गलबतं हवी होती आणि घोड्यावरचा वीर हवा होता.

“घोडो काडतंय,” चितारी म्हणाला, “पण किल्लो पाण्यात आसा, तात्यानू. घोडो चल्लो खंय?”

सभेत हशा झाला. अध्यक्षही हसले. मला वाटतं भिंतीचं काय व्हायचं ते तिथेच ठरलं. आमच्याकडे मानकऱ्याशी भांडलं तर चालतं, कारण भांडणात त्याचा मान धरलेलाच असतो. त्याच्यावर गाव हसलं की ते तो विसरत नाही. शेवटी अध्यक्ष इतकंच म्हणाले की मंत्र्यांना काय बायकाच दाखवायच्या, गावात पुरुष नाहीत की काय? त्या वर्षी खरोखरच फारसे नव्हते, बरेचसे मुंबईला होते. पण त्यांनी विचारलं म्हणून कोणी सांगत नाही.

काम सुरू करायच्या दिवशी सकाळी भिंतीपुढे नारळ ठेवला. भिंतीच्या कडेला देवचाराची, म्हणजे गावाच्या राखणदाराची, जागा आहे, तेव्हा गाऱ्हाणं घालणं आलंच. मानकरी म्हणून अध्यक्ष पुढे उभे राहिले. मागे समिती, दुकानदार, बाजारातले पुरुष. चितारी सगळ्यात पुढे, अंघोळ करून, धुतलेल्या सदऱ्यात, हात जोडून, डोळे मिटून. बायका पलीकडे वडाखाली.

“बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां ह्या भितीफुडे जमली हत, तेंका यश दी म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“कोणाच्या मनात काय वाकडा आसात, ता सरळ कर म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्या भितीर मुंबयच्यान येणाऱ्या पावण्याच्या हातान चित्र होतला, ता निर्विघ्न पार पाड म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि हो तुझो चितारी पावण्याक रंग कालवून दितलो, तेच्या हातांका बळ दी म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

शेवटच्या वेळी सगळ्यात खणखणीत आवाज चिताऱ्याचा होता. तो मनापासून मागत होता. फक्त काय मागतोय ते त्याने ऐकलं नव्हतं. नारळ फुटला. डोळे उघडून त्याने खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि ब्रश आणायला वळला, तेव्हा शेजारच्या कोणीतरी त्याला कानात सांगितलं. तो हसला. अशी थट्टा आमच्याकडे चालते. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसायचा थांबला.

मुंबईचा पाहुणा म्हणजे अध्यक्षांच्या जावयाचा भाऊ. केसांच्या तेलाच्या कॅलेंडरांवर चित्रं काढायचा. त्याला गाडीभाडं आधीच गेलं होतं, हे खजिनदारांना माहीत होतं. चिटणीसाला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गिरणीवर हे बोलायला गेलो. अध्यक्ष शांत होते. देवापुढे झालेलं माणसाने कसं मोडायचं, असं ते म्हणाले. मोडायचंच तर कौल घ्या, देव देईल तो निर्णय. कौल मागायला मानकरी उभा राहावा लागतो आणि मानकरी तेच, हे दोघांनाही ठाऊक असल्यामुळे आम्ही त्यावर बोललो नाही. सोडावाले बाजूला बसून पेपर वाचत होते. पेपर चार दिवसांपूर्वीचा होता.

इतक्यात चिताऱ्याची बायको आली. भाताची टोपली घेऊन आलेली नव्हती, त्यामुळे गिरणीतल्या माणसांनी हातातलं काम थांबवलं.

“तात्यानू,” ती दारातूनच म्हणाली, “कालच्या गाऱ्हाण्यात माझो व्हय नाय.”

“बायलमाणसांचो व्हय कदी आसता गो?”

“नसता, म्हणानच सांगतंय. आमी कोणी व्हय म्हणूक नाय. म्हणजे अर्धो गाव बांदलेलो नाय. भित माज्या घोवाची.”

मी बरंच वाचलं आहे, पण इतका सरळ युक्तिवाद क्वचित वाचला. अध्यक्षांनी सोडावाल्यांकडे पाहिलं. तेव्हा सोडावाल्यांनी पेपर खाली केला.

“मगे तूच रंगव भित,” ते म्हणाले.

“तुमी गप ऱ्हवा. काल सगळा म्हायत आसान तोंड उघडलास नाय. बाटलेतली गोटी घशात अडाकली होती?”

गिरणीतले हमाल हसले. आणि पुन्हा तेच झालं: मानकऱ्याच्या गिरणीत हशा, आणि तोही बाईमुळे. अध्यक्ष उठून उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, “बायलांचो व्हय देवान कदी मागूक नाय, आणि मियांय मागूक नाय. घराक जा.”

ती गेली. मी पुढे बोललो असतो तर माझी बदली झाली असती, एवढंच. भिंत तशीच राहिली असती.

खरी कमाल त्यानंतरची. चितारी रोज सकाळी भिंतीकडे जाऊन पाहुण्याला रंग कालवून देऊ लागला. मी त्याला विचारलं की हे कशाला करतोस, नाही म्हण आणि घरी बस. तो म्हणाला, “देवाक काय सांगू, मास्तरानू? आयकाक येवक नाय, असा सांगू?” मग तो म्हणाला की निळा रंग पाहुण्याला कळत नाही, समुद्र लाँड्रीच्या निळीसारखा होतोय. हे सांगताना त्याला खरंच वाईट वाटत होतं. मला त्याचा राग आला. माझ्या वाचनालयात अशा साध्याभोळ्या, मुकाट सोसणाऱ्या माणसांवर पुस्तकं होती आणि ती मला आवडत; तो माणूस समोर उभा राहिल्यावर आवडला नाही.

मंत्री आले नाहीत. दुसऱ्या दर्जाचे कोणी अधिकारी आले आणि त्यांनी भिंतीवरचं कापड ओढलं. किल्ला होता, गलबतं होती, वीर होता, आणि गोदामवाल्यांची खिडकी नेमकी घोड्याच्या पोटात आली होती. आतून खोबऱ्याचा वास येत होता. कोपऱ्यात गिरणी होती, धुरासकट. बाई म्हणून एकच होती: कमरेवर घागर, पाठीवर मोकळे केस, ओठ लाल. धक्क्यावर उभ्या राहिलेल्या सगळ्या जणी आपल्याला शोधायला आल्या होत्या. मिठबावची म्हातारी बराच वेळ बघत राहिली.

“ही खंयची गो?” तिने विचारलं.

“ही तेलाच्या बाटलेवयली,” कोणीतरी सांगितलं.

अध्यक्षांचं भाषण झालं, ते शुद्ध मराठीत. आपल्या भूमीत कलावंत निर्माण होतात पण ते इथे टिकत नाहीत, मुंबईकडे धाव घेतात, ही गावाच्या जिव्हाळ्याची व्यथा आहे, असं ते म्हणाले आणि तिथे थोडे थांबले. टाळ्या झाल्या. चितारी पहिल्या रांगेत होता. रंगकामात साहाय्य केल्याबद्दल त्याला नारळ मिळाला आणि त्याने तो वाकून घेतला.

शिमग्यानंतर ती दोघं निघाली. मी थांब्यावर गेलो. चितारी आधीच गाडीत चढून भिंतीकडे पाठ होईल अशा बाकावर बसला होता. ती खाली बोचकी वर देत होती. मी काही बोलायचं म्हणून बोललो, की गणपतीला याल तेव्हा भेटू, गणपतीची शाळा तर तुमचीच आहे.

निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे आमच्याकडे पोराला बोलता येण्याआधी शिकवतात. मयताला निघालेला माणूसही घरात ‘येतंय’ म्हणतो. तिने शेवटचं बोचकं वर दिलं, पायरीवर पाय ठेवला आणि माझ्याकडे बघून नीट, ऐकू येईल असं म्हणाली, “जातंव आमी.”

वर बसलेल्या नवऱ्याने ते ऐकलं. तिला दुरुस्त करायला त्याचं तोंड उघडलं आणि मग मिटलं. कंडक्टरने घंटी मारली.