तहाचा गूळ

एकाहत्तरच्या हिवाळ्यात लढाई लागली तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो, आई आणि मी. भाऊ फौजेत होता, पंजाबच्या बाजूला, सीमेवर. लढाईच्या आधी त्याचं एक कार्ड आलं होतं. तब्येत ठीक, थंडी फार, काळजी करू नये. त्यानंतर काहीच नाही. आई दिवसभर लोकांच्या रानात कापूस वेचायची आणि घरी आली की अंगण झाडायची. सकाळी झाडलेलं असायचंच. मी अकरावीत होते. पुस्तक उघडून बसायचे, एक पान वाचायचे, उठायचे, दारापर्यंत जाऊन परत यायचे. पोस्टमन तर सकाळीच येऊन गेलेला असायचा. तरी जायचे.

संध्याकाळी आम्ही चाचांच्या दुकानात जायचो. चाचा म्हणजे टेलर. आमची वस्ती संपून जाफराबादचा बाजार सुरू होतो, तिथे त्यांचं दुकान. त्यांच्याकडे रेडिओ होता, आणि घरात उर्दू बोलत असल्यामुळे दिल्लीच्या बातम्यांबरोबर परदेशातल्या उर्दू बातम्याही ते ऐकायचे. लढाई लागल्यापासून बाजारात त्यावरून कुजबुज होती. म्हणून चाचा रेडिओ आता मोठ्याने लावायचे, म्हणजे जे काय ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकावं.

तेव्हा न्यूयॉर्कला जगातल्या मोजक्या देशांची बैठक चालू होती. लढाई थांबवा असा ठराव यायचा, रशिया नाही म्हणायचा आणि ठराव पडायचा. आईला हे समजवायला लागलं नाही. आमच्या वस्तीतली भांडणं विहारासमोरच्या लिंबाखाली अशीच मिटायची, नाहीतर अशीच राहायची. पाच पंचांपैकी एकाने नाही म्हणून मान हलवली की बैठक उठली. आई पंच नव्हती. बाईला पंच कोण करतं? पण बैठकीच्या आधी घरोघर फिरून माणसं राजी करायचं काम तिचंच होतं.

"रशियाच्या घरी कोन गेल्तं?" तिने चाचांना विचारलं. "न्हाई म्हननाऱ्याच्या घरी आधी जावं लागतं. होय म्हननारे कुठं पळून चाल्ले?"

"अपनेच लोग गेल्ते, आक्का," चाचा म्हणाले. "आपले मंत्री सालभर फिरून राह्यले मुलखामुलखात. त्यांनीच बोलून ठेवलंय त्याला, न्हाई म्हन म्हनून."

भांडण मिटू नये म्हणून कुणी घरं फिरतं हे आईने कधी ऐकलं नव्हतं.

शेजारच्या किराणा दुकानाचे शेटजी रोज बातम्यांना तिथेच असायचे. ते म्हणाले, "जरा दम धरा ना बाई. ढाका पडू द्या. आत्ताच तह केला तर हातात आलेलं वापस द्यावं लागंल."

"तुमाला काय जातंय दम धरायला, शेटजी? तुमचं पोरगं गल्ल्यावर बसलंय."

दुकानात हशा झाला. शेटजीही हसले, पण त्या दिवशी लवकर उठून गेले.

मग एका संध्याकाळी बातमी आली की सगळ्या देशांच्या मोठ्या सभेत, जिथे एकट्या रशियाचं नाही चालत नव्हतं, बहुतेकांनी लढाई थांबवा म्हणून मत दिलं. आई उभीच राहिली.

"झालं मंग."

"झालं कुठं, आक्का?" चाचा म्हणाले. "ते फकत बोलले."

घरी जाताना मी तिला पेपरात वाचलेलं सांगितलं. त्या मोठ्या सभेचं ऐकलंच पाहिजे असं कुणावर बंधन नसतं.

"ऐकायचं न्हाई तर हात वर करायला बोलावलं कशाला एवढ्यांना? त्यांच्या भाड्याचा खर्चा वर आला का?" ती म्हणाली. "हात वर झाले. आता गूळ वाटला पाहिजे."

गुळाचं सांगायला हवं. आमच्यात भांडण मिटलं की ज्याला मिटायला हवं होतं त्याने गूळ आणायचा आणि प्रत्येकाच्या हातावर ठेवायचा. खाल्ला तो कबूल. परत केला तो कबूल नाही. आणि हे जागच्या जागी, कुणी उठायच्या आत. मी लहान असताना दोन चुलतभावांचं बांधाचं भांडण सकाळी मिटलं होतं. गूळ नव्हता म्हणून उद्याच्या बाजारातून आणू असं ठरलं. दिवस मावळायच्या आत एकाने दुसऱ्याच्या डोक्यात कुदळीचा दांडा घातला. तेव्हापासून आई या बाबतीत कुणाचं ऐकत नसे. ठरणं आणि गूळ यांच्यात वेळ सोडायचा नाही, एवढाच तिचा कायदा.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी तिने शेटजींच्याच दुकानातून गूळ आणला, फोडला, थाळीत घातला आणि थाळी माझ्या हातात दिली.

"मी न्हाई जानार. लोक हसतील."

"हसू दे. हसताना तोंड उघडतंय. तेवढ्यात टाक."

मी गेले. वस्तीतल्या बायकांनी खाल्ला. भाऊ त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेला होता. घरातल्या बाप्यांनी खडा उचलला, कशाचा म्हणून विचारलं आणि परत ठेवला. बाजारात त्याहून वाईट. शेटजी थाळीकडे बघत म्हणाले, "माझाच गूळ मला तहाचा म्हनून खाऊ घालती का तुझी आई? लढाई जिंकायला आली आन हिला तह सुचतोय. घेऊन जा, पोरी." दुकानातली दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच शत्रूकडून आले होते. माझा भाऊ तिकडे खंदकात होता आणि हे इथे तूरडाळ तोलून घेत होते. मला थाळी त्यांच्या अंगावर टाकावीशी वाटली. टाकली नाही, गूळ महाग होता.

चाचांच्या दारात आले तेव्हा थाळी जवळजवळ भरलेलीच होती. त्यांनी थाळीकडे बघितलं, मग रस्त्याकडे. मला कळलं. आमच्या आईने तहाचा गूळ वाटला तर बाजार तिला येडी म्हणून सोडून देणार होता. चाचांनी तो खाताना कुणी पाहिलं असतं तर गोष्ट तिथे थांबली नसती. आणि परत केला असता तर ते आईच्या पोराच्या जिवाला नाही म्हटल्यासारखं झालं असतं.

"थाळी अंदर रख, बेटी," ते म्हणाले. "पूरी."

त्या संध्याकाळी आम्ही बातम्यांना गेलो तर दुकानात चहा चालला होता. चाचांनी लोकांना चहा पाजल्याचं कुणाला आठवत नव्हतं. स्टोव्हवर भलंमोठं पातेलं होतं आणि ते स्वतः कप भरून देत होते. आपला कप त्यांनी सगळ्यांसारखाच मशीनवर ठेवला होता.

"आज काय खुशी, टेलर?" शेटजींनी विचारलं.

"ठंड है ना, शेटजी. लो, और लो."

शेटजींनी दोन कप घेतले. सकाळी खडा परत ठेवणारे आमच्या वस्तीतले तिघे होते, त्यांनीही घेतला. आईने पहिला घोट घेतला आणि थांबली. गुळाचा चहा होता. तिने चाचांकडे बघितलं. त्यांनी आपला कप उचलून संपवला आणि बॉबिन भरायला घेतली.

घरी जाताना ती म्हणाली, "खाल्ला समद्यांनी."

"खाल्ला न्हाई, पेला. आन त्यांना म्हाईतबी न्हाई."

"पोटात गेला का न्हाई?"

थोड्याच दिवसांत ढाका पडलं. बाजारात पेढे वाटले, फटाके उडाले. भाऊ होता त्या पंजाबच्या बाजूलाही लढाई थांबणार असं रेडिओवर आलं. शेटजींनी स्वतः आईच्या हातात पेढा ठेवला. तिने तो पदरात बांधला, खाल्ला नाही. "पोराचं कार्ड येऊ द्या," म्हणाली.

कार्ड लवकर आलं नाही. लढाई चालू असताना होती त्याहून जास्त येरझार तेव्हा झाली, कारण आता रेडिओही काही सांगत नव्हता. पेढा वाळून दगड झाला. कार्ड आलं त्या दिवशी आईने तो खलबत्त्यात फोडला, अर्धा मला दिला आणि कापसाला गेली.

भाऊ उन्हाळ्यात रजेवर आला. वाळला होता. एका कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून त्या बाजूने हाक मारली तर ओ देत नसे. जेवण झाल्यावर चाचा भेटायला आले आणि दारातल्या बाजेवर बसले. आईने गुळाची गोष्ट सांगितली. भाऊ खूप हसला. मग तिने विचारलं, "तुमच्याकडं कसं थांबलं रं?"

"संध्याकाळी खबर आली, उद्या संध्याकाळपासून फायर बंद."

"उद्यापासून?"

"हां. तोवर चालूच. दोन्हीकडून. माझ्या बाजूचा गडी बीडकडचा होता. त्या दुपारी गेला. हा कानबी तवाच गेला."

"पन ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं."

"मंग मधी दिवस कशाला ठेवला?"

आईने चाचांकडे बघितलं.

"आक्का, बडे लोगां का..." चाचा म्हणाले आणि बाजेची सुटलेली दोरी आवळायला लागले.

तिने तो प्रश्न परत कुणाला विचारला नाही. पण त्यानंतर बैठकीला निघताना ती गूळ घरीच फोडून पदराच्या गाठीत बांधून न्यायला लागली. पंच चिडवायचे, "अगं माय, अजून कोनी तोंड उघडलं न्हाई आन तू गूळ घेऊन आली?"

"तुमी ठरवा," ती म्हणायची आणि पदराची गाठ सोडून तिथेच बसून राहायची.