शिवकांताकाकूंचा नळ

गेल्या शनिवारी सकाळी जळकोटला घरी उतरले तेव्हा बॅगेत धुवायच्या कपड्यांबरोबर एक निळा डबा होता... पाणी तपासायचा किट. कपडे आईच्या हवाली केले आणि डबा घेऊन लगेच गल्लीत निघाले.

मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. यंदा आम्हाला एक विषय आहे, जगापुढचे सामाजिक प्रश्न आणि त्यावर इंजिनिअरनं शोधायचे उपाय. पहिल्या वर्षाला अंगात वारं शिरलेलं असतंच, त्यात हा विषय... आमच्या ग्रुपनं 'सुरक्षित पाणी' निवडलं. सर म्हणाले, आपापल्या गावापासून सुरुवात करा.

गावात यंदा पाण्याची नुसती बोंब आहे. गल्लीतले बोअर एकेक करून आटले, टँकर येतो तेव्हा येतो. नाक्यावरच्या हॉटेलात मात्र एकच चर्चा, उदगीर जिल्हा होणार आणि जिल्हा झाला की आपल्याकडं सगळं येणार. कधी होणार ते कुणालाच ठाऊक नाही, पण त्या भरवशावर चहा रोज होतो.

आमची गल्ली तगून आहे ती शेजारच्या शिवकांताकाकूंच्या बोअरवर. त्यांचं किराणा दुकान आहे. काकांनी भिंतीतून पाइप काढून रस्त्याच्या बाजूला नळ बसवून दिलाय. सकाळची लिंगपूजा झाली की काकू बाहेर येतात, नळ सोडतात आणि स्वतः उभ्या राहून प्रत्येकीची घागर धरतात. काकू लिंगायत, येणाऱ्या प्रत्येकीला नमस्कारासारखं "शरणार्थ" म्हणतात, मग ती कुणाच्याही जातीची, धर्माची असो. कुणी पैशाचं नाव काढलं तर त्यांना राग येतो. देवाच्या नावानं वाटायचं, त्याला त्यांच्यात दासोह म्हणतात, आणि काकूंचा दासोह म्हणजे हे पाणी.

मी नळाखाली काचेची नळी धरली तेव्हा त्या हौसेनं बघत होत्या. "आमच्या पाण्याचाच पहिला नंबर येणार बघ," बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

मी औषधाचे थेंब टाकले. रंग गुलाबी राहिला तर पाणी चांगलं, पिवळा झाला तर फ्लोराइड जास्त... रंग पिवळा झाला. नळी धुऊन पुन्हा केलं, तरी तेच.

खरं तर तिथंच गप्प बसून आधी विचार करता आला असता. पण मला उत्तर आलं होतं ना. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की हे वापरायला चालेल, प्यायला नको, दातांना आणि हाडांना वाईट. लॅबमध्ये पक्कं करून घेऊ असंही म्हणाले, पण ते कुणी ऐकलंच नाही.

काकूंनी विचारलं, उकळलं तर? मी म्हटलं, उकळून फ्लोराइड जात नाही. तुरटी फिरवली तर? नुसती फिरवून नाही जमत. फडक्यानं गाळलं तर? नाही. व्हायवामध्ये देतात तशी फटाफट उत्तरं देत होते मी, आणि सगळी बरोबर होती.

"मग प्यायचं काय गं?" त्या म्हणाल्या. फिल्टरच्या पाण्याचा जार रोज विकत घेणं आमच्या गल्लीत दोन-चार घरांनाच झेपतं.

काकू समोरच्या घरातल्या लेकरांकडं बघून हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यांच्या दातावरचे डाग... माझ्या पाण्यानंच पडले व्हय?" मी म्हटलं, असू शकतं. "सकाळी लिंगावर बी हेच घालते मी," एवढं बोलून त्यांनी नळ बंद केला आणि आत जाऊन बोअरची मोटरही बंद केली.

दुपारपर्यंत गल्लीत कुणाच्या घरात पाणी उरलं नाही. संध्याकाळी टोकाच्या घरातल्या शांताबाई रिकामी घागर घेऊन काकूंच्या दारात बसल्या. "पोरीनं काचेत रंग बघितला अन् तुम्ही नळ बंद केला व्हय? तहान काय रंग बघून लागती का? सोडा पाणी, काय व्हायचं ते आमचं होऊ द्या."

रविवारी सकाळी काकूंनी आतून मोटर लावली, नळ सुटला, पण त्या बाहेर आल्या नाहीत. दार लोटलेलं होतं. बायका आपल्या आपण घागरी भरून, तेच पाणी प्यायला घेऊन गेल्या. कुणी कुणाला शरणार्थ म्हटलं नाही. मला फार वाईट वाटलं. पाणी होतं तसंच होतं, फक्त ते देण्यातला काकूंचा आनंद तेवढा मी काढून घेतला होता.

सांगायला नको होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. सोबत नेलेला नमुना सोमवारी लॅबमध्ये तपासला, तिथंही तेच आलं. पण प्रश्न शोधणं म्हणजे तो सोडवणं नव्हे, आणि या दोन्हींच्या मधल्या काळात माणसांना पाणी प्यावंच लागतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

रविवारी दुपारी नांदेडची एसटी धरायला निघाले. शाळेत असल्यापासून मी कुठंही निघाले की काकू माझ्या हातातून बाटली घेतात आणि त्यांच्या नळावर भरून देतात. सवयीनं मी दार ढकललं आणि बाटली पुढं केली. त्यांनी ती हातात घेतली, थोडा वेळ तशीच धरली आणि रिकामीच परत दिली.

"स्टँडवर इकत घे, मंजू," म्हणाल्या.

मी मान हलवून निघाले. काकू, तुमच्या दारातून मी कधी तहानलेली गेले नाही, एवढं तरी तेव्हा म्हणायला हवं होतं... एसटी मुखेडच्या पुढं गेल्यावर ते सुचलं.