झूम करून वाचणाऱ्या बाई

आमच्या ऑफिसातल्या बाईंच्या स्क्रीनवर एका वेळी जेमतेम चार शब्द मावायचे. डोळे हळूहळू जात होते आणि त्यावर औषध नव्हतं. तरी रत्नागिरीत वेबसाइट बनवणाऱ्यांत त्यांच्या तोडीचं कोणी नव्हतं, हे मी कोणाशीही भांडून सांगेन. आमचं नवं पान समोर आलं की कौतुक वगैरे काही नाही, आधी कंट्रोल आणि प्लस. अक्षरं फुगवत न्यायच्या आणि पान कुठे मोडतं ते बघायच्या. बहुतेक वेळा मोडायचंच.

नजर आहे तोवर, स्वतःला वाचता येणार नाही असं पान आपल्या हातून बाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढाच त्यांचा हट्ट होता.

गणपतीपुळ्याचे एक लॉजवाले शेठ त्या हट्टाच्या आड आले. झूम केलं की त्यांच्या पानावरचं खोली बुक करायचं बटण गायब व्हायचं. शेठ म्हणाले, पानाला झूम ओळखता येतं ना, मग सरळ पाटी लावा, 'झूम कमी करा'. आमच्या मालकांनी मान डोलावली आणि पाटी लागलीसुद्धा.

बाईंनी पान उघडलं. पाटीने अख्खी स्क्रीन व्यापली.

"मी मोठं करून वाचत्ये हे कळलं ना त्याला? मग सरकून जागा द्यावी. मला चष्मा काढ म्हणून सांगू नये."

मग त्यांनी मला नीट समजावलं. ब्राउझर झूमचा आकडा पानाला थेट सांगत नाही, पान आपलं अंदाज बांधतं. खिडकी बाहेरून तेवढीच राहून आतली रुंदी आक्रसली, पानाच्या एका ठिपक्यामागे स्क्रीनचे किती ठिपके ते पिक्सेलचं प्रमाण वाढलं, की झूम केलं असेल म्हणायचं. पण काही लॅपटॉपची स्क्रीन मुळातच दाट, बारीक ठिपक्यांची असते. तिथे झूम न करताही ते प्रमाण जास्तच येतं, आणि आमची पाटी नेमकी त्यावरच विसंबून होती.

झालंही तसंच. शेठनी ऐटीत नवा कोरा लॅपटॉप उघडला आणि झूमला हात न लावता पाटी हजर. स्वतःच्याच लॉजच्या दारात अडवल्यासारखे बसले बिचारे. पाटी त्याच दिवशी उतरली.

बाईंनी पान नव्याने बांधलं. जागा कमी पडली की फोटो खाली उतरायचे, मजकूर एकाखाली एक यायचा, बटण दिसत राहायचं. त्यानंतर मात्र त्यांची नजर फार उतरली आणि त्यांनी नोकरी सोडली.

निघायच्या दिवशी त्यांनी तेच पान उघडलं आणि झूम थांबेपर्यंत वाढवलं. नाक काचेला टेकवून एकेक शब्द वाचत खाली गेल्या. मला राहवेना, मी माऊसकडे हात नेला.

"राहू दे गो," त्या म्हणाल्या, "माझं मला दिसतंय." आणि त्यांनी खोली बुक करायचं बटण दाबलं.