दोरी हाताला पुरली पाहिजे

शिवणकामाच्या दुकानात दोन गोष्टी साचतात. एक कतरण, दुसरे किस्से. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी परत ढीग हायेच! कतरणीच्या आम्ही उशा भरतो. किस्से उशीत भरता येत नाहीत, म्हणून इथं भरतोय.

छावणीत आमचं पडद्याचं दुकान हाय. कापड कापणार मी, शिवणार सलीमभाई, अन् घरोघर जाऊन ड्रिल मारून पडदा टांगणार दिलीप. मला सगळे मामा म्हणतात, सलीमभाई तेवढा मामू म्हणतो. चौथीत शाळेनं मला सोडलं का मी शाळेला, ते आता आठवत नाय. पण जन्मभरात एक कळलं. पडदा घ्यायला येणारा माणूस सोफ्याचा रंग सांगतो, खिडकीची दिशा कोणीच सांगत नाय! अरे, ऊन काय सोफ्यातून येतं का?

दिलीप चौतिशीचा. व्यसन नाय, हात सरळ, जीभ त्याहून सरळ. त्याचा एकच कायदा: दोरी घरातल्या बाईच्या हाताला पुरली पाहिजे. भिंतीला हात लावायच्या आधी म्हणणार, 'ताई, हात वर करा.' तिथंच पेन्सिलीची खूण. आजवर एका घरातून दोरीची तक्रार नाय. पण पठ्ठ्याचं लग्न काय जमंना! 'पडदे लावतो' म्हणलं की पोरीकडचे चहा तसाच ठेवून उठतात. त्याची आई गावाकडं, गुडघे धरून बसलेली. म्हणून पाहुण्यांसमोर बसायला आम्ही दोघं म्हातारे. आम्हाला तेवढा एकच घोर हाय.

* * *

चिकलठाण्याला नव्या फ्लॅटमधल्या एक मॅडम. हॉलला पश्चिमेची भिंतभर काच. म्हणल्या, "मामा, काळा पडदा द्या, ऊन अडतं."

म्हणलं, "बाई, उजेड अडंल, उष्णता नाय अडायची. ऊन काचेतून आत आलं अन् काळ्या कापडानं पिलं, की कापडाचाच तवा होतो. काचेकडून पांढरं अस्तर लावा, आलेलं ऊन बरंचसं माघारी धाडतं."

"पांढरं मळतं!"

झालं. दिला काळा.

मे महिन्यात फोन. "मामा, पडद्याला हात लाववंना, इतका तापतोय!" मी खुर्चीत सरळ झालो. सुनवायची तयारीच होती. "मग अस्तर लावायचं ना आता?"

"नको नको! सासूबाईंनी काच अन् पडद्याच्या मधी कुरडया वाळत घातल्या. खडखडीत झाल्या! गच्ची नको, कावळे नकोत. आता बेडरूमलाही काळाच द्या!"

बरोबर मी होतो. खुश सासू झाली!

* * *

आमच्या गल्लीत एक रिटायर सुभेदार राहतात. त्यांना रस्त्याकडच्या खिडकीला पांढरा जाळीचा पडदा पाहिजे होता. दिवसा आपल्याला बाहेरचं दिसावं, बाहेरच्याला आतलं दिसू नये, एवढंच मागणं. सलीमभाईनं मशीन थांबवून इमानदारीनं सांगितलं, "साहब, दिन में आप दुनिया देखोगे, बत्ती जली तो दुनिया आपको देखेगी."

सुभेदार म्हणले, "वाह! क्या बात कही!" अन् अजून एक ऐकवा म्हणले. शेर समजले ते त्याला!

पुढं त्यांच्या नातीचं लग्न आलं. सुभेदार रोज संध्याकाळी दार लावून, दिवा लावून, हॉलमध्ये एकटेच नाच बसवायचे. रस्त्यापलीकडच्या बाकड्यावर रोज गर्दी! वरातीत सुभेदारांनी पाऊल उचलायच्या आधीच गल्लीतली पोरं पुढची स्टेप करून मोकळी!

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. मी म्हणलं, आता आवाज चढणार. तर सलीमभाईसमोर स्टूल ओढून बसले अन् म्हणले, "मियाँ, वो शेर फिर से सुनाओ. अब समझा."

* * *

रात्रपाळीला जाणारा एक ऑपरेटर. दिवसा झोप लागावी म्हणून पार काळोख करणारा जाड पडदा घेऊन गेला. थोड्याच दिवसांत पडदा बगलेत मारून परत हजर. "मामा, ह्याला एक भोक पाडा."

माझं डोकं फिरलं! "दुकानातला सगळ्यात भारी पडदा, अन् भोक?"

"अहो, जाग आली की दिवस का रात्र कळंना. काल उठलो अन् पोरांवर ओरडत सुटलो, एवढ्या रात्री क्रिकेट खेळता म्हणून. भर दुपार होती!"

सलीमभाईनं काय वाद घातला नाय. पडद्यात बोटभर झडप कापली, तिला काज केलं, वर शेरवानीचं बटण लावलं. दिवस बघायचा असला की बटण काढायचं. आता त्या कॉलनीतनं येणारा माणूस 'बटणवाला' मागतच येतो. मी जन्मभर उन्हाचं ज्ञान वाटलं, नाव बटणाचं झालं!

* * *

आता दिलीपकडं वळतो. हल्ली पोरीकडचे आधी मुलाचं घर बघायला येतात. दिलीपची खोली पश्चिमेच्या अंगाला. गार वाटावं म्हणून गड्यानं दुकानातलं पातळ हिरवं कापड खिडकीला लावलं. पाहुणे आले दुपारी चारला. ऊन भरात! सगळी खोली हिरवी. पोहे हिरवे, चहा शेवाळावाणी, अन् मधोमध आमचा नवरदेव!

पोरीच्या मामानं मला हळूच विचारलं, "पोरगा आजारातून उठलाय का?"

मी म्हणलं, "तुमचं तोंड काय लई तजेलदार दिसतंय व्हय?"

तिथंच मोडलं.

सलीमभाई लई चिडला. "मामू, तुम मुँह मत खोला करो." मग पुढच्या पाहुण्यांसाठी त्यानं स्वतः गुलाबी कापड शिवलं. "देखो, दुल्हा कैसा खिलेगा!" ते पाहुणे आले सकाळी. आता पश्चिमेच्या खिडकीत सकाळी कसलं ऊन? खोलीत नुसता काळोख. जाताना पोरीची आत्या म्हणली, "पोरगा ह्यातला कोणता होता?"

मी तोंड उघडलं नाय. तरी मोडलं!

* * *

शेवटी सिल्लोडचं स्थळ आलं. पोरगी वंदना. घरातल्या पुढच्या खोलीत शिकवण्या घेती. ह्या वेळी आम्ही तिघं तिच्या घरी गेलो. एका भिंतीला फळा, समोर पश्चिमेची खिडकी, खिडकीवर खिळ्यांना अडकवलेली चादर. चादरीच्या दोन्ही अंगांनी ऊन थेट फळ्यावर. वरची अक्षरं मला तर दिसंनातच.

वंदनानं चहा दिला अन् स्वतःच विचारलं, "तुमचं काम नक्की काय असतं?"

चांगले चार शब्द सांगायची वेळ! तर दिलीप उठला, खिशातनं टेप काढला अन् खिडकी मोजायला लागला! तिच्या वडिलांनी माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं. वंदना पुढं झाली अन् तिनं टेपचं दुसरं टोक धरलं.

परत येताना गाडीत सलीमभाईनं विचारलं, "क्या मियाँ, लड़की कैसी लगी?"

"बाहेरून कॅनव्हास पाहिजे," दिलीप म्हणला. "गुंडाळायचा. ऊन काचेच्या बाहेरच थांबवायचं, आत घेऊन मग काय उपयोग?"

"अरे गाढवा, पोरगी! पोरगी कशी हाय?" मी ओरडलो.

"डावखुरी हाय."

"आँ?"

"खडू डाव्या बोटांना लागला होता. उजेड उजव्या खांद्यावरून आला पाहिजे तिला. नायतर लिहिताना स्वतःच्याच हाताची सावली अक्षरावर."

सलीमभाईनं मला हळूच कोपर मारलं.

रविवारी गडी आम्हाला न सांगता कॅनव्हास घेऊन सिल्लोडला. पडदा बाहेरून, दोरी खिडकीवरच्या झरोक्यातून आत. एकटाच गेला, एकटाच लावून आला.

दोन दिवसांनी वंदनाच्या वडिलांचा फोन. सलीमभाईनं मशीन थांबवलं.

"मामा, पडदा एक नंबर! खोली गार झाली, फळा मागच्या पोराला बी दिसतो. पण तुमच्या माणसानं दोरी लई वर बांधली हो. पोरीचा हातच पुरत नाय! रोज स्टुलावर चढती. ती म्हणती, ज्यानं बांधली त्यालाच पाठवा."

मी फोन ठेवला अन् दिलीपकडं बघितलं. तो खाली मान घालून ड्रिल पुसत होता. पुसलेलंच परत पुसत होता. कान लालेलाल. अन् त्या दिवशी दुकानात गुलाबी कापड कुठंच नव्हतं!

रविवारी परत गेला. संध्याकाळी आला तेव्हा आम्ही दोघं शटर अर्धं ओढून वाट बघत बसलेलो.

"केली का रे दोरी खाली?"

"चार बोटं केली."

"अन् बाकीची?"

"ती म्हणली, बाकीची पुढच्या रविवारी."